दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी लिहिताना

ऑगस्ट २०१५ मधली गोष्ट. राजस्थान उच्च न्यायालयाने १० तारखेला एक निकाल दिला. जैन धर्मीयांमधली संथारा ही प्रथा म्हणजे आत्महत्याच होय, असं त्या निकालात म्हटलं होतं. जयपूरच्या एका वकिलाने २००६ साली केलेल्या जनहित याचिकेवरचा तो निकाल होता. ही प्रथा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा ती करणाऱ्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा आणि तिला मदत करणाऱ्यावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा धरावा, असा त्याचा आशय होता.

आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. १९७३ साली अकरावी झालेल्या वर्गमित्रांचा. कुणी बँकेत होता, कुणी एसटीत, कुणी शेती करतो. सकाळी सुविचार, दुपारी विनोद, रात्री राजकारण असा त्याचा दिनक्रम. त्या दिवशी कुणीतरी निकालाची बातमी टाकली आणि मी तिच्याखाली एक ओळ लिहिली : 'म्हाताऱ्या माणसांना उपाशी ठेवून मारायचं आणि त्याला धर्म म्हणायचं!' मी स्वतःला सुधारक विचारांचा माणूस समजतो, त्यामुळे ही ओळ लिहिताना हात जराही अडखळला नाही. पाच मिनिटांत आठ-दहा अंगठे आले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी पडद्यावर एक बारीक अक्षरांतली ओळ दिसली. आमच्यातला एक जण ग्रुपमधून बाहेर पडला होता. त्याला आम्ही शाळेपासून अण्णा म्हणतो. शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी त्याची उसाची शेती आहे. आणि तो जैन आहे.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, की जैन म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांसमोर गुजराती किंवा मारवाडी व्यापारी येतो. सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातले जैन हे पिढ्यान्‌पिढ्या मराठी-कानडी बोलणारे, नांगर धरणारे शेतकरी आहेत, बहुतेक दिगंबर. गावातल्या मंदिराला ते बस्ती म्हणतात. श्वेतांबर ज्याला संथारा म्हणतात, त्याला यांच्याकडे सल्लेखना किंवा समाधिमरण म्हणतात. मी त्यांच्यात वाढलेला माणूस. परीक्षेच्या दिवसांत महिना महिना अण्णाच्या घरी राहिलेला. त्याची आई, अक्का, दिवस मावळायच्या आत आम्हाला जेवायला बसवायच्या आणि मी रात्री नऊला पुन्हा भूक लागली म्हणून कुरकुरायचो. तरीही मला त्यांच्या धर्मातलं 'सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कांदा-लसूण नाही' यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांची ओळख आणि एवढंसं ज्ञान!

तर अण्णा बाहेर पडला. मी फोन केला नाही. मनात म्हटलं, लोक फार हळवे झालेत, विचारांची टीका सहन होत नाही. दीड महिना असाच गेला. सप्टेंबरच्या शेवटी दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व संपतं आणि त्यानंतर क्षमावाणी असते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. अण्णा दरवर्षी 'उत्तम क्षमा' असा निरोप पाठवतो. त्या वर्षीही आला. ज्याने दुखावलं तो मी, आणि क्षमा मागतोय हा! दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी त्याच्या गावी गेलो.

तो रागावला नव्हता. चहा झाला, उसाचे दर झाले. मग तो म्हणाला, "अरे, अक्का गेली त्याच्या आधी तू येऊन गेला होतास. आठवतं?"

आठवत होतं. २०११ साल. अक्का माजघरात चटईवर पडून होत्या, अगदी वाळून गेलेल्या. सुना शेजारी बसून णमोकार म्हणत होत्या. मला वाटलं होतं, वय झालंय, अन्न जात नाही. अक्कांनी मला ओळखलं आणि हळूच विचारलं होतं, "जेवलास का?"

"तिला सल्लेखना घेऊन तेव्हा बारा दिवस झाले होते," अण्णा म्हणाला. "आणि तू लिहिलंस, उपाशी ठेवून मारलं. म्हणजे कुणी? मीच ना?"

मी ज्याला 'जैनांची प्रथा' म्हणत होतो, ती माझ्यासमोरच्या माणसाची आई होती. ओळ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीच नव्हतं, ही माझी पहिली चूक. दुसरी चूक त्याहून मोठी. ज्या गोष्टीवर मी टीका केली ती मला माहीतच नव्हती.

त्या दुपारी आणि नंतर वाचून जे समजलं ते थोडक्यात सांगतो. कुणाला वाटलं म्हणून सल्लेखना घेता येत नाही. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात तिचे प्रसंग दिले आहेत : टळणार नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि बरा न होणारा आजार. आधी मनातलं वैर आणि मोह सोडायचा, आप्तांची क्षमा मागायची, त्यांना क्षमा करायची. मग अन्न एकदम तोडायचं नाही. घन आहार कमी करत दुधावर यायचं, दूध सोडून ताक, कांजी, गरम पाणी आणि अखेरीस उपवास. गुरूंची परवानगी लागते आणि घरच्यांनाही विश्वासात घेतात. पण मला खरं थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. 'तत्त्वार्थसूत्रा'त सल्लेखनेचे पाच दोष सांगितले आहेत. आणखी जगावं अशी इच्छा धरणं हा एक दोष. मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण, या व्रताच्या बदल्यात पुढे काही मिळावं ही मागणी, हे आणखी तीन. आणि मरण लवकर यावं अशी इच्छा धरणं हाही दोष!

आत्महत्या करणाऱ्याला मरण हवं असतं. इथे ते हवं असणंच व्रताला बाधक मानलं आहे. एवढ्यावरून सल्लेखना योग्यच ठरते असं माझं म्हणणं नाही. कायद्याच्या दृष्टीने हा भेद टिकतो की नाही, यावर जाणते लोक वाद घालतात. पण तो भेद माहीत नसताना 'आत्महत्या' हा शब्द फेकणं म्हणजे समोरच्याने जे म्हटलंच नाही त्याला उत्तर देणं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी त्या निकालाला स्थगिती दिली. मी मात्र तीन आठवडे आधीच निकाल लावून मोकळा झालो होतो.

परतीच्या एसटीत आणखी एक विचार छळत राहिला. आमचं घर वारकरी. ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ साली आळंदीला संजीवन समाधी घेतली, तिथे आम्ही डोकं टेकवतो. विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तेव्हा मी बँकेत नवा होतो. आम्ही सगळे हळहळलो, पण 'आत्महत्या' हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. ऋषीसारखा गेला, असंच म्हणालो. फेब्रुवारी १९६६ मध्ये सावरकरांनी प्रायोपवेशन केलं. 'आत्महत्या नव्हे, आत्मार्पण' हा त्यांचा लेख त्याआधीचा. आमच्या वडिलांनी तो जपून ठेवला होता. मग १९५५ साली धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, ३६ दिवसांनी १८ सप्टेंबरला त्यांचा देह पडला, त्यांना मी कोणता शब्द लावणार होतो? हे शांतिसागर बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावच्या पाटलांच्या घरातले, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्यांचा फोटो अण्णाच्या सोप्यात होता. मी शाळेत असताना त्याच्याखाली बसून गणितं सोडवली होती.

माझ्या घरातल्याला समाधी म्हणायचं आणि शेजारच्या घरातल्याला उपासमार, हा कुठला सुधारकपणा? टीका करायचीच तर सगळ्यांवर एका मापाने करावी. विनोबांविषयी मी जे बोलणार नाही, ते अक्कांविषयी बोलण्याचा मला अधिकार नव्हता. आणखी एक गंमत. विनोबांच्याच आग्रहामुळे १९७४ मध्ये जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा 'समणसुत्तं' हा संग्रह तयार झाला. जैन धर्माचं सार त्या धर्माच्या लोकांनीच एकत्र बसून काढावं, असा त्यांचा आग्रह होता.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, कुणी कुणाच्या धर्माविषयी बोलायचंच नाही? तसं नाही. मुकाट बसणं म्हणजे आदर नव्हे. ती बहुतेक वेळा बेपर्वाई असते. कायदाही बोलू नका म्हणत नाही. पूर्वीचं दंड संहितेचं कलम २९५ अ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं न्याय संहितेचं कलम २९९, दोन्हींत शिक्षा आहे ती जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावणाऱ्याला. माझी ओळ त्यात बसली नसती. पण म्हणून ती लिहिण्याजोगी होती असं थोडंच आहे? पोलिसांत जाण्याइतकं नाही ते सगळं चांगलं, हे माप मित्रांमध्ये चालत नाही.

फरक पडतो तो कशात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कट्ट्यावर बसून बोलताना समोर कोण बसलंय ते दिसतं. अण्णा तिथे असता तर त्याचा चेहरा बघून माझी जीभ वाक्याच्या मध्येच आखडली असती. लिहिलेल्या ओळीला डोळे नसतात. तिला आवाजही नसतो. आपण मिश्कीलपणे लिहितो, वाचणारा ते कडवट वाचतो. आज इथे ध्वनिक्षेपकासमोर बसूनही मला तुमच्यापैकी कुणी दिसत नाही. पूर्वी पहिल्यांदा भाषणाला आलो तेव्हा इथल्या निर्मात्यांनी एक सल्ला दिला होता : "हजारो श्रोत्यांशी बोलू नका. समोरच्या खुर्चीत एक माणूस बसलाय असं समजा आणि त्याच्याशी बोला." हल्ली मोबाइलवर लिहितानाही मी ती खुर्ची ठेवतो. विषय जैनांचा असेल तर तिथे अण्णा असतो. रमजानचा असेल तर आमच्या गल्लीतले शिंपीकाका, नाताळचा असेल तर मुलीची वसईची सासू. तिच्या तोंडावर हे बोलेन का? बोलेन, असं उत्तर आलं तरच लिहितो. पुष्कळदा प्रश्नाच्या रूपात लिहितो, आणि प्रश्न खरोखर उत्तर हवं असणारा असावा लागतो. 'असं का करतात?' आणि 'असं कसं करतात!' यांत अक्षरं जवळपास तीच आहेत.

माझे काही बुद्धिवादी मित्र याला भित्रेपणा म्हणतात. म्हणोत. कारण यामुळे टीकेची धार कमी होते असा माझा अनुभव नाही. उलट झालेलं मी पाहिलं आहे.

अण्णा २०१५ च्या दिवाळीत ग्रुपमध्ये परत आला. मी सगळ्यांसमोर माफी मागितली, त्याने 'सोड रे' एवढंच लिहिलं. पुढे २०२५ च्या मे महिन्यात एक बातमी आली. मध्य प्रदेशात मेंदूत गाठ असलेल्या तीन वर्षांच्या मुलीला संथारा देण्यात आला होता. ग्रुप पुन्हा तापला. एकाने नेहमीचं काहीतरी जळजळीत लिहिलं. मी गप्प होतो, काय लिहावं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात अण्णाचाच मजकूर आला. त्याने लिहिलं होतं, की व्रत म्हणजे समजून-उमजून घेतलेला निश्चय. ज्या लेकराला मरण म्हणजे काय हे कळत नाही, ते वैर सोडणार कसलं आणि मोह सोडणार कसला? आईबापांचं दुःख मी समजू शकतो, पण याला मी सल्लेखना म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही घरच्यांच्या मनात काय आहे हे गुरूंनी कठोरपणे तपासलं पाहिजे, विशेषतः विधवा बायकांच्या बाबतीत.

मी २०१५ साली जे लिहिलं, त्यात हाच प्रश्न कुठेतरी होता. म्हाताऱ्या माणसावर घरचे दबाव तर आणत नाहीत ना, हा. पण मी तो शिवीसारखा लिहिला आणि एक मित्र उठून गेला. अण्णाने तोच प्रश्न माझ्याहून धारदारपणे विचारला आणि ग्रुपमधल्या दोघा जैन मित्रांनी त्याच्याशी तासभर वाद घातला. एकाला त्याचं पटलं, दुसऱ्याला नाही. कुणी बाहेर पडलं नाही.

रात्री उशिरा आमच्यातल्या एकीने विचारलं, "अण्णा, अक्कांच्या वेळी कसं होतं रे?" त्यावर अण्णाने खूप मोठं लिहिलं. पहिल्यांदाच. अक्कांना डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, त्याने स्वतः किती दिवस नको म्हटलं, दूध सोडलं त्या दिवशी धाकटी सून कशी रडली, सगळं. मी ते दोनदा वाचलं. खाली अंगठा दाखवायला बोट गेलं होतं, ते मागे घेतलं आणि त्याला फोन लावला.