तारणाला ठेवलेला देश

म्हसळ्याहून उत्तरेला गेले की चौल लागते. 1508 मध्ये तिथल्या बंदरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो लढताना मारला गेला. हा आल्मेदा 1505 मध्ये ज्या आरमारासह हिंदुस्थानात आला, त्यात जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या वेल्झर या सावकार घराण्याने मिऱ्यांच्या आशेने भांडवल घातले होते.

याच घराण्याने 1519 मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपदाच्या निवडणुकीसाठी सुमारे 1,43,000 गुल्डन पुरवले. पुढे 1528 मध्ये त्याने व्हेनेझुएलाचा कारभार वेल्झरांच्या माणसांना दिला. सोबत 4,000 आफ्रिकी गुलाम नेण्याचा परवाना!

मी बँकेत असताना कर्ज देण्याआधी सातबारा पाहायचो, बोजा तपासायचो, शेतावरही जायचो. वेल्झरांचे सुभेदार मात्र सोन्याच्या नगरीमागे धावले. वाटेतली गावे लुटली, तिथल्या माणसांना गुलाम केले. नगरी मिळाली नाहीच. 1546 मध्ये घराण्याच्या तरुण वारसाचा स्पॅनिश लोकांनीच शिरच्छेद केला आणि 1556 मध्ये हक्कही गेला.

सावकाराचे किती बुडाले, याचा हिशेब इतिहासकार मांडतात. पण तारणाला ठेवलेल्या त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची सही त्या करारावर कुणी घेतली होती?