रुग्णाने राहायचं कुठे? मनोविकारशास्त्राच्या इतिहासातला एक जुना प्रश्न

मनोविकारशास्त्राचा इतिहास सांगायचा म्हटला की एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. पूर्वी वेड्यांना साखळदंडांनी बांधत असत, मग पॅरिसमध्ये फिलिप पिनेल आला, त्याने साखळ्या काढल्या, मग व्हिएन्नात फ्रॉइड आला, मग औषधं आली आणि सगळं शास्त्रीय झालं. ही गोष्ट अगदीच खोटी नाही. (साखळ्यांचंच बघा. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली त्या काढल्या प्युसँ नावाच्या तिथल्या व्यवस्थापकाने. तो डॉक्टरही नव्हता. पिनेलने त्याचंच पाहून पुढे दुसऱ्या रुग्णालयात ते केलं.) पण मुख्य अडचण अशी की ही एका खंडाची गोष्ट आहे, आणि ती आपण जगाची म्हणून वाचतो.

म्हणून आज आपण वेगळ्या वाटेने जाऊ. एकच साधा प्रश्न घेऊन चार-पाच देशांतून फिरून येऊ. ज्याचं मन आजारी आहे, त्या माणसाने राहायचं कुठे? घरात, गावात, की भिंतीच्या आत? उपचार कोणता, औषध कोणतं, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण माणूस राहतो कुठे आणि कोणाबरोबर, यावर त्या उपचाराचं पुढे काय होतं हे पुष्कळसं ठरतं.

भिंत आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात युरोपने या प्रश्नाला एक ठाम उत्तर दिलं: गावाबाहेर, मोठ्या इमारतीत. हेतू वाईट नव्हता. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली ‘रिट्रीट’ सुरू केलं. छोटं घर, बाग, काम, मायेची वागणूक. तिथे रुग्ण सुधारताना दिसले. मग सरकारला वाटलं, हेच मोठ्या प्रमाणावर करू. १८४५ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक काउंटीला असं रुग्णालय बांधणं सक्तीचं झालं. झालं काय, की तीस माणसांच्या घरात जे साधलं ते हजार माणसांच्या इमारतीत साधेना. माणसं आत जात राहिली, बाहेर येणारी कमी होत गेली. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती.

ही इमारत आपल्याकडे आली ती ब्रिटिशांबरोबर. १८५८ साली हिंदुस्थानसाठी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, १९१२ साली दुसरा आला आणि तो १९८७ चा कायदा येईपर्यंत टिकला. मुंबईचं इस्पितळ आधी कुलाब्याला होतं, १९०१ साली ठाण्याचं सुरू झालं. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला भरती करा’ असं आपण जे थट्टेने बोलतो ना, त्यात हाच इतिहास आहे. गावाचं नाव घेतलं की रुग्णालय आठवतं, आणि त्यात ‘पाठवा’ हे क्रियापद असतं. पाठवायचं, परत आणायचं नाही.

पण सगळ्या हिंदुस्थानात अशा खाटा होत्या किती? स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीने मोजल्या तेव्हा जेमतेम दहा हजार. चाळीस कोटी लोकांना दहा हजार खाटा! म्हणजे बहुसंख्य रुग्ण भिंतीच्या आत कधी नव्हतेच. ते घरी होते, देवळात होते, दर्ग्यावर होते, रस्त्यावर होते. युरोपची गोष्ट आपल्याला लागू पडत नाही ती इथे.

एक गाव, ज्याने भिंत बांधलीच नाही

आता गंमत बघा. खुद्द युरोपातच याच्या नेमकं उलट उत्तर देणारं एक गाव होतं, आजही आहे. बेल्जियममधलं गील. तिथे संत डिंफ्ना यांचं चर्च आहे. मध्ययुगापासून मानसिक रुग्णांना घेऊन लोक तिथे नवस करायला येत. चर्चमधली जागा पुरेना, म्हणून गावातल्या शेतकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली. काही जण परतले, काही तिथेच राहिले. शेतात काम करायचं, घरच्यांबरोबर जेवायचं. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, ‘घरी राहायला आलेला’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. एकोणिसाव्या शतकात सरकारने डॉक्टरांची देखरेख आणली, पण राहायचं कुटुंबातच. १९३० च्या दशकाच्या अखेरीला गीलमध्ये असे ३७०० च्या वर पाहुणे राहत होते.

आपल्याला हे ऐकून फार परकं वाटू नये. नवसाची जागा, तिथे मुक्काम टाकून राहणारे रुग्ण, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. फरक एवढाच की गीलमध्ये त्या श्रद्धेच्या शेजारी हळूहळू डॉक्टर, परिचारिका आणि घरमालकाला मिळणारा भत्ता, अशी व्यवस्था उभी राहिली.

आफ्रिका: एक फसलेला प्रयोग आणि एक साधलेला

१९५३ साली फ्रान्ट्झ फॅनन हा तरुण डॉक्टर अल्जीरियातल्या ब्लिदा-जॉइन्व्हिल मनोरुग्णालयात रुजू झाला. अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. तिथे अँत्वान पोरो यांच्या ‘अल्जियर्स पंथा’चा दबदबा होता, आणि उत्तर आफ्रिकेतल्या माणसाचा मेंदूच मुळात अविकसित, अशी त्यांची शिकवण होती. म्हणजे राज्य करणाऱ्याला सोयीचं ते शास्त्र.

फॅननला हे मान्य नव्हतं. फ्रान्समध्ये तो नवी पद्धत शिकून आला होता: वॉर्डातच एक छोटा समाज उभा करायचा. सभा, वर्तमानपत्र, सिनेमा, सण. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात हे उत्तम चाललं. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात साफ फसलं. कोणी सभेला येईना. आता सोपं स्पष्टीकरण तयारच होतं, की बघा, हे लोकच असे. फॅनन आणि त्याचा सहकारी अझुले यांनी ते स्पष्टीकरण नाकारलं. त्यांनी शोध घेतला तेव्हा ध्यानात आलं की आपण फ्रेंच गावाचा सामाजिक साचा उचलून इथे ठेवला. इथला पुरुष भेटतो कुठे? कॉफीच्या दुकानात. ऐकतो काय? कथेकऱ्याची गोष्ट. सण कोणता? ईद. मग वॉर्डात तसं कॉफीगृह काढलं, ईद साजरी झाली, कथेकरी आला. आणि माणसं बोलू लागली. लक्षात घ्या, आजार तोच होता. माणूस ज्या जगात परत जाणार, ते जग डॉक्टरला आधी माहीत नव्हतं.

१९५६ साली फॅननने राजीनामा दिला. ज्या देशात माणसाला स्वतःच्याच भूमीत परका केलं जातं, तिथे त्याला ठिकाणावर आणायचं तरी कसं, हा त्याचा आक्षेप होता.

दुसरा प्रयोग नायजेरियातला. टॉमस अडेओये लाम्बो इंग्लंडमध्ये शिकून आले आणि १९५४ मध्ये त्यांनी अबेओकुटा शहराजवळ, आरो इथे काम सुरू केलं. नवं रुग्णालय अजून पुरतं उभं राहिलेलं नव्हतं. लाम्बोंनी आजूबाजूच्या गावांशी बोलणी केली. रुग्णाने एक नातेवाईक बरोबर आणायचा, दोघांनी गावात भाड्याच्या खोलीत राहायचं, दिवसा रुग्णालयात उपचार घ्यायचे, संध्याकाळी परत गावात. नातेवाईक स्वयंपाक करणार, सोबत करणार. गावालाही त्यातून काही मिळालं पाहिजे, म्हणून भाडं, पाण्याची सोय, हिवतापावर उपाय हेही त्यात आलं. आणि पारंपरिक वैद्यांना हाकलून न देता लाम्बोंनी त्यांना सोबत घेतलं. गरिबीतून, जागेच्या टंचाईतून सुचलेली ही कल्पना. पण ती पुढे जगभर अभ्यासली गेली.

अमृतसरचे तंबू

जवळजवळ त्याच वर्षांत आपल्याकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर अगदी तेच करत होते. रुग्णालयात गर्दी मावत नव्हती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि घरच्या माणसांना सांगितलं, रुग्णाला सोडून जाऊ नका, इथेच राहा. रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले, कारण त्यांची घरातली जागा मोडलीच नव्हती. आणि आणखी एक गोष्ट झाली. आईला, भावाला, नवऱ्याला आजार म्हणजे काय हे डोळ्यांसमोर दिसलं. भूतबाधा नाही, ढोंग नाही. औषधाने उतरतो, औषध सोडलं की परत येऊ शकतो. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही कुटुंबासह राहण्याची सोय झाली, पुढे बंगळूरलाही.

इथे औषधांचा उल्लेख करायलाच हवा. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं. त्याच सुमाराला सर्पगंधेपासून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. सर्पगंधा आपलीच. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून १९३१ साली तिच्यावर लिहिलं होतं, आणि १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा लेख लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. औषधांमुळे तंबूतून घरी जाणं शक्य झालं. पण औषध माणसाला दारापर्यंत आणतं. दार उघडायला पलीकडे कोणीतरी लागतं.

दार फोडणारा घोडा

हे सगळ्यांत स्पष्ट दिसलं इटलीत. फ्रँको बासाल्या १९७१ साली त्रिएस्तेच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले, तेव्हा आत सुमारे १२०० माणसं होती. १९७३ साली रुग्ण आणि कलाकारांनी मिळून एक प्रचंड निळा घोडा बनवला, नाव मार्को काव्हालो. मिरवणुकीने शहरात न्यायचा होता, पण तो दारातून मावेना. शेवटी दार फोडावं लागलं. १९७८ साली ‘कायदा १८०’ आला आणि इटलीने नवी मनोरुग्णालयं बांधणं थांबवून जुनी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. त्रिएस्तेत त्याआधीच वस्तीवस्तीत चोवीस तास चालणारी केंद्रं, राहायची घरं, कामाच्या सहकारी संस्था उभ्या राहत होत्या. म्हणून तिथे ते टिकलं. अमेरिकेतही खाटा रिकाम्या केल्या, पण बाहेरची व्यवस्था पुरेशी केली नाही. तिथे पुष्कळ माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात पोचली. भिंत पाडणं हे अर्धंच काम असतं.

मग आपलं कुटुंब बरं, असं म्हणायचं का?

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, म्हणजे आपली कुटुंबपद्धतच श्रेष्ठ! याला एक आधारही दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नऊ देशांत स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे छिन्नमनस्कतेच्या, रुग्णांचा अभ्यास केला. त्यात आग्रा होतं, नायजेरियातलं इबादान होतं, लंडन आणि वॉशिंग्टनही होतं. आग्रा आणि इबादानच्या रुग्णांची पुढची वाटचाल श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरी दिसली. या निष्कर्षावर नंतर बराच वाद झाला, आजही आहे.

पण तो मानला तरी सुटका नाही. कारण ‘कुटुंब’ म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक वेळा एक बाई. आई, बायको, बहीण. तिची झोप, तिची नोकरी, तिचं म्हातारपण या हिशेबात धरलेलंच नसतं. ती थकली, ती गेली, की पुढे काय? २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. आतले रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. त्यांनाही कोणी कुटुंबानेच, दुसरी सोय नाही म्हणून, तिथे आणून ठेवलं होतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीला बंदी घातली, आणि आणखी एक फार मोलाची गोष्ट सांगितली: घरचे नेत नाहीत किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशांसाठी वस्तीत राहण्याची सोय उभी करणं ही सरकारची जबाबदारी आहे. आपल्या मनोरुग्णालयांत आजही अशी माणसं आहेत, की ज्यांचा आजार आटोक्यात आहे पण न्यायला कोणी येत नाही. त्यांचा खोळंबा आता वैद्यकीय राहिलेला नाही. तो घरभाड्याचा आहे, शेजाऱ्यांचा आहे, सोसायटीच्या सभेचा आहे.

गीलच्या शेतकऱ्यांनी, आरोच्या गावकऱ्यांनी जे केलं ते चांगुलपणावर सुरू झालं असेल, पण टिकलं ते व्यवस्थेवर: भत्ता, भाडं, हाकेच्या अंतरावर डॉक्टर. आपल्याकडे चांगुलपणा घराघरांत आहे. त्याच्या पाठीशी उभी राहणारी व्यवस्था मात्र अजून पुष्कळ ठिकाणी यायची आहे. आपल्या इमारतीत असं एक घर भाड्याने द्यायचं ठरलं, तर आपण सभेत काय बोलू, याचा विचार करून ठेवा.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.