प्रार्थनेत नाव कोणाचे?

युक्रेनमधील एखाद्या खेड्यातील ख्रिस्ती मंदिरात रविवारी सकाळी परका माणूस शिरला, तर ते कोणत्या संप्रदायाचे हे त्यास सहजी ओळखता यावयाचे नाही. संतांच्या प्रतिमांनी मढविलेली तीच उंच भिंत, मेणबत्त्यांचा तोच मंद प्रकाश, वाद्यांच्या साथीवाचून चाललेले तेच समूहगायन. भेद उमगतो तो धर्मगुरू आपल्या श्रेष्ठाचे नाव प्रार्थनेत उच्चारतो तेव्हा. रोमच्या पोपचे नाव, कीव्हच्या महाधर्मगुरूचे, की मॉस्कोच्या पॅट्रिआर्कचे? आमच्या समजुतीने त्या देशाचा सारा धार्मिक इतिहास या एका प्रश्नात सामावलेला आहे.

इ. स. 988 मध्ये कीव्हचा राजा व्होलोदिमिर याने बाप्तिस्मा घेतला व प्रजेलाही नीपर नदीच्या पाण्यात उतरविले. हा धर्म कॉन्स्टँटिनोपलहून आला. म्हणून 1054 मध्ये रोम व कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत झाली तेव्हा कीव्ह पौर्वात्य, म्हणजे ऑर्थोडॉक्स, बाजूस राहिले. पुढे बराच मुलूख पोलंड-लिथुआनियाच्या सत्तेखाली गेला आणि 1596 मध्ये ब्रेस्त येथे काही बिशपांनी पोपचे श्रेष्ठत्व मान्य केले. मात्र विधी, उपासनेची भाषा व विवाहित पुरुषांस पुरोहित होण्याची मुभा हे सर्व जुनेच ठेवण्याच्या अटीवर. यांतून ग्रीक कॅथलिक चर्च उदयास आले. नाव ग्रीक, निष्ठा रोमची आणि माणसे युक्रेनी! इकडे ऑर्थोडॉक्स राहिलेले कीव्हचे धर्मपीठ 1686 मध्ये मॉस्कोच्या अधिकारात गेले.

पश्चिमेकडील गॅलिशिया प्रांतात या ग्रीक कॅथलिक चर्चने खोल मुळे धरली. सोव्हिएत सत्ता तेथे स्थिरावताच 1945 मध्ये तेथील बिशप पकडले गेले आणि मार्च 1946 मध्ये ल्विव्ह येथे भरविलेल्या सभेत ‘ब्रेस्तचा करार रद्द’ असे जाहीर करून ते चर्च रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन करण्यात आले. प्रमुख बिशपच कैदेत असता भरलेल्या या सभेस धर्मसभा म्हणणे आम्हांस तरी कठीण वाटते. चर्चचे प्रमुख योसिफ स्लिपी यांनी सुमारे अठरा वर्षे कारागृहात व छावण्यांत काढली; 1963 मध्ये सुटका झाल्यावर त्यांना रोममध्येच राहावे लागले. मायदेशी त्यांचे अनुयायी राहत्या घरांत, पडदे ओढून, चोरून उपासना करीत. कित्येकजण सरकारमान्य मंदिरांत जात, पण मनात नाव दुसरेच घेत. ही बंदी 1989 च्या अखेरीस उठली. त्यानंतर मंदिर कोणाचे यावरून गावोगाव तंटे झाले. कोठे कोठे दोन्ही पक्ष एकाच मंदिरात पाळीपाळीने उपासना करू लागले, ही तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटते.

1991 मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी ऑर्थोडॉक्स समाज दुभंगलेलाच राहिला. एक शाखा मॉस्कोशी जोडलेली. 1992 मध्ये निघालेली दुसरी कीव्हला स्वतंत्र पॅट्रिआर्क हवा म्हणणारी. सामान्य भाविकांपैकी अनेकजण विचारल्यास ‘आम्ही नुसते ऑर्थोडॉक्स’ एवढेच सांगत. त्यांना या वादाची झळ लागे ती बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या प्रसंगी. झापोरिझ्झिया शहरात 2018 च्या आरंभी एका चिमुकल्या मुलाचे अंत्यविधी करण्यास मॉस्कोच्या शाखेच्या पुरोहिताने नकार दिला. कारण त्याचा बाप्तिस्मा कीव्हच्या शाखेत झाला होता. मुलाचा बाप्तिस्माच मानावयाचा नाही, हे ऐकून लोक संतापले आणि त्यांनी त्या चर्चच्या दारी बाहुल्या व खेळणी आणून ठेवली. तत्त्वचर्चेचे शंभर ग्रंथ जे सांगू शकले नसते ते त्या खेळण्यांनी सांगितले.

त्याच वर्षी डिसेंबरात कीव्हच्या संत सोफिया मंदिरात एकीकरणाची सभा भरली, एपिफानी प्रमुख निवडले गेले आणि जानेवारी 2019 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कने नव्या चर्चला स्वायत्ततेची सनद दिली. मॉस्कोने ती मानली नाही. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने मोठे आक्रमण केले व मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी त्या युद्धाची पाठराखण केली, तेव्हा त्यांच्याच शाखेतील अनेक युक्रेनी पुरोहितांनी प्रार्थनेतून त्यांचे नाव गाळले. ज्या गावचे तरुण रणांगणावर पडत होते त्या गावात ते नाव उच्चारावे तरी कसे? मे महिन्यात त्या शाखेच्या सभेने मॉस्कोपासून स्वातंत्र्यही घोषित केले. परंतु सरकारचा व पुष्कळ जनतेचा त्यावर विश्वास बसला नाही.

पंचांगही बदलले. दोन पंचांगांमुळे एकच सण दोनदा येण्याचा अनुभव आपल्या वाचकांस नवा नाही. युक्रेनमध्ये नाताळ पूर्वापार 7 जानेवारीस येई. 2023 पासून नवे ऑर्थोडॉक्स चर्च व ग्रीक कॅथलिक दोघेही तो 25 डिसेंबरास साजरा करतात. मॉस्कोच्या परंपरेतील शाखा मात्र जुन्या तिथीसच धरून राहिली. सणाच्या पूर्वसंध्येची बारा निर्मांस पक्वान्ने आणि गहू, खसखस व मध यांची ‘कुत्या’ तीच. फक्त आता शेजारच्या घरात ती तेरा दिवसांनी शिजते.

ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनने रशियन ऑर्थोडॉक्स चर्चवर व त्याच्याशी बांधील संस्थांवर बंदी घालण्याचा कायदा केला आणि संबंध तोडण्यास मुदत दिली. गावच्या मंदिराने कोणत्या चर्चकडे जावे हे ठरविण्याची वाट 2019 च्या कायद्याने आधीच घालून दिली आहे: सभा बोलवायची आणि दोन-तृतीयांश मते मिळवायची. मत हरलेल्या कुटुंबांनी पुढच्या रविवारी कोठे जावे, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.