चारमिनारचा रुपया काळा का पडतो?

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यातले राणीसावरगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या काळी मराठवाड्यात दोन रुपये ओळखीचे होते : निजामाचा 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार'. चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया ११.१८ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात ८१.८ टक्के चांदी असे. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यात ९१.७ टक्के चांदी. सात हाली रुपयांना सहा कलदार असा ढोबळ दर होता. हा दर कसा ठरला असेल, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगा. गुणाकार केला की दिसेल : सात हालींमधली चांदी सुमारे ६४ ग्रॅम भरते आणि सहा कलदारांमधलीही तेवढीच!

१९४० च्या दशकात दोन्ही रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. १९५९ मध्ये हाली चलन कायमचे बंद झाले. तरीही जुने रुपये अनेक घरांत देव्हाऱ्यात, पेटीत किंवा माळेत ओवलेले सापडतात, आणि सापडतात तेव्हा ते बहुधा काळे पडलेले असतात. मग राख, रांगोळी किंवा चिंच घेऊन घासणे सुरू होते. घासण्याआधी आपण एक प्रश्न विचारू. हा काळा थर म्हणजे मळ आहे का?

मळ नव्हे, नवे संयुग

लोखंड गंजते ते हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे. चांदीचे तसे नाही. नेहमीच्या तापमानाला नुसत्या ऑक्सिजनने ती काळी पडत नाही. तिला काळी करणारे मूलद्रव्य आहे गंधक. हवेत अत्यल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. सडणारे सेंद्रिय पदार्थ, गटारे, कोळशाचा धूर यांतून तो येतो. शिवाय लोकर, रबर आणि काही प्रकारचे कागद व पुठ्ठे यांतूनही गंधकाची संयुगे हळूहळू बाहेर पडतात. हवा दमट असेल तर क्रिया अधिक वेगाने होते :

चांदी + हायड्रोजन सल्फाइड + ऑक्सिजन → सिल्व्हर सल्फाइड + पाणी

म्हणजे काळा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नाही. त्यातील गंधक बाहेरचे असले, तरी चांदी नाण्याचीच आहे. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरेल.

करून पाहा

पेटीत जे घडायला वर्षे लागतात, ते आपण तासाभरात घडवू शकतो. मात्र प्रयोगासाठी जुने रुपये मुळीच वापरू नका. सराफाकडून दिवाळीत घेतलेले लक्ष्मीचे नाणे, तुटलेले जोडवे किंवा चांदीच्या पत्र्याचे नखाएवढे दोन तुकडे पुरतात.

चांदी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून कोरडी करा. यानंतर तिला कडेनेच धरा. बोटांचा तेलकटपणा लागला तर तिथे डाग उठतो. एक अंडे दहा-बारा मिनिटे उकडा, सोलून गरम असतानाच चिरा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. चांदीचा एक तुकडा दोऱ्याने बांधून बरणीत लोंबता सोडा. तो अंड्याला टेकू देऊ नका. दुसरा तुकडा अंडे नसलेल्या बरणीत तसाच ठेवा. तुलनेसाठी हा दुसरा तुकडा हवाच; एरवी रंग अंड्यामुळे आला असे आपण कशावरून म्हणणार?

अंड्यातील प्रथिनांत गंधक असते. उकडताना त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. दर पाच मिनिटांनी तुकडा पाहा आणि रंगाची नोंद करा. अंडे किती ताजे, बरणी केवढी, यावर वेळ अवलंबून राहील. पण रंगांचा क्रम पाहण्याजोगा असतो : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी तपकिरी, मग जांभळट लाल, मग निळा. आणखी थांबलात तर रंग मंदावत करडा-काळा थर उरतो. हवा तो रंग दिसताच तुकडा बाहेर काढा. रंगच आला नाही, तर चांदीवर पारदर्शक लेप आहे का ते तपासा. अंडे वापरायचे नसेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बरणीत घालून ती उन्हात ठेवा. वेळ मात्र बराच जास्त लागेल.

प्रयोगानंतर ते अंडे खाऊ नका. प्रयोगशाळेतले आयर्न सल्फाइड आणि आम्ल वापरून हा वायू तयार करण्याचा किंवा गंधक जाळण्याचा मोह टाळा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात असला तर नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. अंड्यातून सुटणारा वायू फारच थोडा असतो, तरी खिडकी उघडी ठेवावी.

काळ्या पदार्थाला रंग कुठून आले?

सिल्व्हर सल्फाइड तर काळे आहे. मग निळा-जांभळा कुठून आला? साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, त्यांच्याच जातीचे हे रंग आहेत.

थर अतिशय पातळ असताना प्रकाशाचा काही भाग त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो. उरलेला आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. दुसऱ्याला थराच्या जाडीच्या दुप्पट अंतर जास्त चालावे लागते. तो अर्ध्या तरंगाने मागे पडला, तर एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात येतो आणि त्या रंगाचा प्रकाश क्षीण होतो. यासाठी थराची जाडी, थरातील तरंगलांबीच्या एक चतुर्थांश हवी.

सिल्व्हर सल्फाइडचा अपवर्तनांक सुमारे ३ आहे. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाची तरंगलांबी थरात १५० होते. तिचा चतुर्थांश सुमारे ३८ नॅनोमीटर. इतका थर झाला की निळा वजा होतो आणि चांदी पिवळी दिसते. ४५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा वजा होऊन जांभळट लाल दिसतो. ५४ च्या आसपास लाल वजा होतो आणि निळा उरतो. थरात शोषला जाणारा प्रकाश आणि चांदीवरून परतताना लाटेत होणारा बदल आपण धरलेला नाही, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत. पण रंगांचा क्रम त्यातून नीट उलगडतो. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. तेव्हा फूटपट्टीने कधीच मोजता न येणारी जाडी आपण नुसत्या डोळ्यांनी वाचत असतो!

घासताना काय जाते?

कलदार रुपयाच्या दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस सेंटिमीटर असते. त्यावर ५० नॅनोमीटर जाडीचा थर बसला, तर घनता ७.२ धरून त्याचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडे वर येते. त्यातली ८७ टक्के चांदी, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम. थर पुसला की तेवढी चांदी गेली. हे नुकसान क्षुल्लक वाटेल. पण राख-रांगोळीचे कण थरापाशी थांबत नाहीत. ते खालच्या चांदीवर चरे पाडतात आणि प्रथम झिजतात ती उंचावरची अक्षरे, सन आणि चारमिनारची बारीक नक्षी. नाण्याचे वजन जवळपास तेच राहते, पण त्यावर लिहिलेला इतिहास पुसट होतो. उलट पातळ, एकसंध थर खालच्या चांदीला लागणारा गंधक काही प्रमाणात अडवतो.

घरातली रोजची भांडी उजळायची तर न घासताही उपाय आहे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टाकाऊ ताटलीत गरम पाणी, चमचाभर खाण्याचा सोडा आणि थोडे मीठ घाला. प्रयोगातला काळा तुकडा ताटलीला टेकेल असा ठेवा. काही मिनिटांत तो उजळतो आणि सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्याने सिल्व्हर सल्फाइडमधील चांदी पुन्हा मोकळी होते. ती बरीचशी जागेवरच राहते, पण सैल बसते; म्हणून मूळची झळाळी पूर्णपणे परतत नाही. जुन्या नाण्यांवर हाही उपाय करू नये.

खरा रंग, खोटा रंग

अमेरिकेत १८७८ ते १९२१ या काळात पाडलेल्या 'मॉर्गन डॉलर' नाण्यांपैकी काहींवर कापडी पिशव्यांत वर्षानुवर्षे पडून राहिल्याने इंद्रधनुषी रंग चढले. संग्राहक अशा नाण्यांना जास्त किंमत देतात. त्यामुळे तिथे नव्याने रंग चढवून तो जुना म्हणून विकण्याचा उद्योगही चालतो. नाणी पारखणाऱ्या संस्था असा संशय आला की नाण्याला नेहमीची श्रेणी नाकारतात.

इथे वर्गात चर्चेला चांगला विषय मिळतो. पेटीत पन्नास वर्षांनी आलेला थर आणि बरणीत तासाभरात आलेला थर, दोन्ही मुख्यतः सिल्व्हर सल्फाइडच. मग एक खरा आणि दुसरा खोटा कसा? पदार्थ खोटा नसतो. त्याच्याविषयी केलेला दावा खोटा असू शकतो. आपण रंगवलेल्या तुकड्यावर 'अंड्याच्या वायूने रंगवले' अशी चिठ्ठी तारखेसह लावून ठेवा.

मुलांच्या घरी चारमिनारचा रुपया असेल, तर तो न घासता वर्गात आणायला सांगा. कडेने धरून भिंगाखाली पाहा. अक्षरांच्या खोबणीत आणि उंचवट्यावर रंग सारखाच आहे का? कडेला आणि मध्यभागी? तो कशात गुंडाळलेला होता : कापडात, कागदात की डब्यात? नोंदी झाल्या की रुपया कोरड्या, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून घरी परत पाठवा. रबरबँड मात्र लावू नका. का, ते मुलेच सांगतील.