शिडाच्या घरातली डागडुजी

खानदेशातल्या फैजपूरच्या शिवारातून वाहून गेलेलं पावसाचं पाणी तापीत जातं आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळतं. इथल्या माणसांची मात्र समुद्राशी फारशी सोयरीक नाही. शिडाच्या नौकेवर वर्षानुवर्षं राहणाऱ्या लोकांबद्दल ऐकलं की डोळ्यांपुढे निळं पाणी, फुगलेलं पांढरं शीड आणि डेकवर पाय पसरून बसलेला सुखी माणूस येतो. प्रत्यक्षात हा सुखी माणूस बऱ्याचदा डेकखाली उताणा पडून, तोंडात टॉर्च धरून एखाद्या पंपाचा नट सोडवत असतो.

या उद्योगाचं गाजलेलं उदाहरण मुंबईत जन्मलेल्या एका नौकेचं आहे. ‘सुहैली’ ही जेमतेम ३२ फुटांची सागवानी नौका १९६०च्या दशकात मुंबईत बांधली गेली. तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे साधणारे ते जगातले पहिले. सफर ३१२ दिवसांची झाली, पण ती सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत यायला लागलं. जवळपास गोदी नाही, सुतार नाही. मग त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि श्वास रोखून नौकेखाली जाऊन सांध्यात कापूस ठोसायला सुरुवात केली. कापूस काही टिकेना. तेव्हा त्यांनी कॅनव्हासची लांब, अरुंद पट्टी कापली, तिच्यावर कापूस शिवला आणि तांब्याच्या चुका मारून ती सांध्यावर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा चढवला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन बंदुकीने त्याचा बंदोबस्त केला आणि पुन्हा काम चालू!

आजच्या बहुतेक नौका फायबरच्या असतात. फळ्यांचे सांधे गेले, पण भोकं गेली नाहीत. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, मोरीचं आणि संडासाचं बाहेर सोडावं लागतं. म्हणून पाण्याखालच्या अंगाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. प्रत्येक भोकावर एक व्हॉल्व्ह असतो आणि जाणता मालक प्रत्येक व्हॉल्व्हच्या शेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी सुतळीने बांधून ठेवतो. व्हॉल्व्ह तुटला की खुंटी हातोडीने आत ठोकायची. अंधारात, गुडघाभर पाण्यात ती शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून सुतळी.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांशी जोडलेले असले की त्यातला कमकुवत धातू झिजत जातो. पितळी पंखा किंवा पोलादी दांडा वाचवायचा, तर जस्ताचा एक गोळा शेजारी बसवतात. पंख्याऐवजी तो खंगतो आणि पार खंगण्याआधी बदलावा लागतो. तळावर शेवाळ आणि बार्नेकल चढतात, नौकेचा वेग मरतो. म्हणून ठरावीक काळाने नौका पाण्याबाहेर काढून तळ घासायचा आणि जीव चिकटू न देणारा खास रंग द्यायचा. उन्हाने शिडाचं कापड आणि शिवणीचा दोरा कुजतो, त्यामुळे जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा हे शिवणकामाचं सामान नकाशाइतकंच अत्यावश्यक.

गंमत म्हणजे, यातली बरीच कामं खानदेशातल्या केळीवाल्याला अनोळखी वाटू नयेत. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की तो ॲसिड सोडतो. नौकेवरच्या हातपंपाच्या संडासात समुद्राचं पाणी वापरतात, त्या नळीतही क्षारांचा थर धरतो आणि तो काढायला व्हिनेगर ओततात. फिल्टर, बॅटरी, सौर पॅनेल, चोक झालेला पंप, सगळं तेच. फरक इतकाच, की समुद्रात सुटा भाग आणायला सावदा-भुसावळ नसतं.

भारतीय नौदलाने ‘सागर परिक्रमा’ या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेसाठी ‘म्हादेई’ बांधून घेतली, तेव्हा वाटेत दुरुस्ती आपल्यालाच करावी लागणार, हाच विचार महत्त्वाचा ठरला. ५६ फुटांची ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे यांना एकट्याने जग फिरायचं होतं, आणि ती बांधली जात असताना ते स्वतः तिथे हजर होते. कुठली वायर कोणत्या फळीमागून जाते हे ठाऊक असलेला माणूस भर समुद्रात ती शोधायला अर्धी नौका उकलत बसत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

त्यांच्यानंतर याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केलेल्या अभिलाष टॉमी यांनी पुढे ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत तर कमालच केली. शर्यतीचा नियम असा, की १९६८ सालचं तंत्रज्ञान वापरायचं. जीपीएस नाही, विजेवर चालणारा सुकाणू नाही. वाऱ्याच्या जोरावर नौकेची दिशा राखणाऱ्या यंत्राचं पातं मोडलं, तेव्हा त्यांनी चक्क संडासाचं दार कापून नवं बनवलं. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. ‘तारिणी’ या नौकेवरून २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनाही केपटाउनहून घरी येताना सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावं लागलं होतं.

हौशी माणसासाठी प्रश्न पैशांपाशी येऊन थांबतो. नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी डागडुजीला धरावी, असा नौकामालकांत एक ठोकताळा आहे. जुनी नौका स्वस्तात मिळते तेव्हा तो हमखास चुकतो, कारण डोलकाठीच्या तारा आणि इंजिनाचे भाग नौका स्वस्तात मिळाली म्हणून स्वस्त होत नाहीत. शिवाय आपल्याकडे सोयींची वानवा. कोचीजवळ बोळगट्टीला मरीना आहे. मुंबईत गेटवेसमोर नौका बोयांना बांधून ठेवलेल्या दिसतात. पावसाळा जवळ आला की त्यांची रवानगी किनाऱ्यावर होते. कोकणातले कोळीही जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढून रंगरंगोटी, इंजिनाची कामं आणि जाळी विणणं उरकून घेतात. पश्चिम किनाऱ्यावर नौकेतच मुक्काम ठोकायचा बेत असेल, तर पावसाळ्याचे ते महिने किनाऱ्यावर काढण्याची तयारी ठेवावी लागते, हातात पॉलिश पेपर घेऊन.