एक अक्षर जास्तीचे

बँकेत उमर काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कागद हाती आला की आधी अक्षरे आणि आकडे तपासायचे. म्हणूनच की काय, 'एलियन्स: कॉलोनियल मरीन्स' या व्हिडिओ गेमची हकीकत मला फार भिडली.

रिडली स्कॉटचा 'एलियन' १९७९ साली आला, जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स' १९८६ साली. दुसऱ्या चित्रपटात सैनिकांच्या हातातले यंत्र वाजू लागते. जवळपास काहीतरी हलते आहे, पण दिसत काहीच नाही! प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो तिथे.

त्यापुढची कथा सांगणारा हा गेम गिअरबॉक्सने बनवला आणि सेगा कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये बाजारात आणला. चाहते कित्येक वर्षे वाट पाहत होते. पदरी पडली निराशा. आधीच्या प्रात्यक्षिकात दिसलेली छाया-प्रकाशाची करामत विकत मिळालेल्या गेममध्ये नव्हती आणि ते भयंकर जीव भांबावल्यासारखे इकडेतिकडे धावत. अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेले. २०१४ मध्ये सेगाने तडजोडीपोटी साडेबारा लाख डॉलर देऊ केले.

पुढे २०१८ साली एका हौशी चाहत्याचा शोध गाजला. संगणकावरच्या आवृत्तीतील एका फाइलमध्ये 'टेदर', म्हणजे दावे, या इंग्रजी शब्दात 'ए' हे अक्षर जास्तीचे पडले होते. ते खोडताच तेच जीव बाजूने येऊन, घेरून हल्ला करू लागले. पाच वर्षे ती फाइल गिऱ्हाइकांच्या घरातच पडून होती!

मग सारा दोष त्या अक्षराचा का? मला तसे वाटत नाही. खातेवहीतली चूक लाल शाईने दुरुस्त होते. नमुन्याशी माल जुळला नाही तर पत जाते, आणि ती परत मिळवायला नवा व्यवहार चोख करावा लागतो. सेगाने २०१४ मध्ये 'एलियन: आयसोलेशन' आणला, तो क्रिएटिव्ह असेंब्लीकडून बनवून घेऊन. त्यात बराच वेळ एकच जीव पाठलागावर असतो आणि खेळणारा कपाटात श्वास रोखून बसतो. त्याचे भरपूर कौतुक झाले.

तेव्हा वाचकहो, घरातल्या मुलाने जाहिरात दाखवून नव्या गेमसाठी पैसे मागितले, तर लगेच नाही म्हणू नका. आठवडाभर थांब, आधी घेणाऱ्यांच्या हाती काय पडले ते बघ, एवढेच त्याला सांगा.