माळा उतरवताना

मे महिन्याच्या अखेरीस खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीत कौलं परतायची घाई असते. छपरावर माणूस चढणारच असतो, मग त्याच दिवसांत माळाही झाडून घेतात. मी गेलो त्या घरी यंदा माळा रिकामाच करायचा होता. आजी ऐंशीच्या पुढच्या. थोरला मुलगा पनवेलला, धाकटा डोंबिवलीला, दोन्ही लेकी दिल्या घरी. "मी गेल्यावर पोरांनी दिवस करायचे की हा पसारा आवरायचा? माझ्या डोळ्यांदेखत निघू दे," असं त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं.

शिडीवरून एकेक वस्तू खाली येत होती. शेणामातीनं लिंपलेली कणगी, काठ उसवलेली रोवळी, वाळवी लागलेलं इरलं, नांगराचा गंजका फाळ, तांब्याचं घंगाळ, पितळेचे हंडे. आजी ओटीवर पाट घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही हलत नव्हतं. कणगीचा आणि इरल्याचा निकाल त्यांनी लगेच लावला. भांड्यांपाशी मात्र हात थांबायचा.

जुन्या भांड्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. हिरवट पुट चढलं की अक्षरं बुजतात. आजी चिंचेचा कोळ बोटावर घेऊन तेवढाच काठ घासत, हंडा उजेडाकडे तिरपा धरत आणि नातीला वाचायला लावत. नाव ऐकलं की पुढचं त्या सांगत. "हा आत्याचा आहेर. म्हैस विकून दिलान तिनं. हा धाकटीला." नात फोटो काढायची, आजीचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घ्यायची आणि घेणाऱ्याचं नाव कागदी पट्टीवर लिहून चिकटवायची.

या कामात मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते हेच. हंड्याचं वजन मुलांना जड होत नाही. तो कुणाचा, ठेवायचा की मोडीत घालायचा, आजीनं तो कुणाला कबूल केला होता का, यातलं काहीच माहीत नसताना भरल्या घरात उभं राहणं जड जातं. ते सांगू शकणारं माणूस घरात एकच असतं आणि तेच गेलेलं असतं.

मोड घेणारा टेम्पो घेऊन आला. त्यानं तांबं वेगळं केलं, पितळ वेगळं, लोखंडी कड्या तोडून बाजूला टाकल्या आणि मगच काटा लावला. आजींनी चिरलेली आणि बूड झिजलेली भांडी तेवढी दिली. घंगाळ कुणाच्याच फ्लॅटमध्ये मावण्यासारखं नव्हतं, तेही गेलं. मोडीतलं भांडं भट्टीत जातं आणि काठावरचं नावही त्यासोबत वितळतं. अशाच घराघरांतल्या समया, अडकित्ते, भांडी पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवली आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९७५ साली, तो सगळा संग्रह आपल्या हातांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले.

खरं काम ट्रंकेत होतं. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद, पोस्टाची पासबुकं, पिवळे पडलेले सातबारे. एका गटावर अजून सासऱ्यांचंच नाव निघालं. द्रुतगती मार्ग खालापुरातून गेला, कारखाने आले, फार्महाउसं आली आणि ज्या वरकस जमिनीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं तिलाही गिऱ्हाइकं येऊ लागली. अशा मुलखात राहून गेलेली एक वारस नोंद भावाभावांना कोर्टात उभं करते. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफारावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस. आजी आहेत तोवर हे सोपं आहे, कारण कुठली नणंद कुठे दिली आणि तिला मुलं किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. थोरल्यानं हक्कसोडाचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी लेकींची नावं लागू दे. सोडायचं की नाही ते त्यांचं त्या बघतील."

पासबुकावर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव होतं, त्यामुळे पैसे त्याचेच, असं सगळे धरून चालले होते. नॉमिनी रक्कम हाती घेतो, तेवढ्यानं तो मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच सांगितलं. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण जमीन असेल तर ती करून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगितलं.

सगळ्यांत शेवटी देव. टाक ना मोडीत घालता येत, ना कुणाला देऊन टाकता येत. ते धाकट्याकडे जायचे ठरले, तर धाकटी सून म्हणाली, "आई, मला कुळाचार नीट येत नाही." मग वही निघाली. नवरात्रात घट कसा बसवायचा, नैवेद्याला काय, कुठल्या दिवशी काय चालत नाही, हे नात लिहून घेऊ लागली. घटाखालची माती कुठली, या प्रश्नावर समजलं की ती त्याच सासऱ्यांच्या नावावरच्या गटातून आणायची रीत आहे. डोंबिवलीला माती न्यायची कशी, असं सुनेनं विचारलं.

"पिशवीभर पुरे," आजी म्हणाल्या. "पावसाआधी घेऊन जा, म्हणजे सुकी मिळेल."